पोरापोरींच्या शिक्षणाचा जमाखर्च

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रकावर कापूस आहे, ज्वारी आहे, पीक कर्ज आहे. त्यांच्या रांगेत मुलांच्या शिक्षणाचा विषय आम्ही मागून घेतला. दोघा-तिघांनी विचारले, "भावाची बैठक सोडून ही मास्तरकी कशाला?" त्याचे उत्तर आधी देतो आणि मग विषयाला हात घालतो.

गावोगावच्या बैठकांत आपण उत्पादन खर्च काढतो. नांगरटी, बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, बाजारापर्यंतचे भाडे, सगळे कागदावर येते. घरातल्या माणसांची मजुरी धरायची की नाही, यावर तासभर वाद होतो. पण वावरातून निघालेला पैसा पुढे कुठे जातो, हे आपण कधी मांडत नाही. कर्जाचा हप्ता सोडला तर तो तीन ठिकाणी जातो: दवाखाना, लग्न आणि शिक्षण. पहिल्या दोन्हींवर आपण मोकळेपणाने बोलतो. तिसऱ्यावर बोलत नाही, कारण तो खर्च पुण्याचा समजला जातो आणि पुण्याचा हिशेब विचारायचा नसतो. आम्ही म्हणतो, विचारायचा. पऱ्हाटीच्या एका पाकिटाचा भाव चार दुकाने फिरून काढणारा माणूस, पोराला कुठल्या कॉलेजात कशासाठी घातले हे सांगू शकत नसेल, तर त्या घराचे नुकसान कुठून होते हे शोधायला लांब जायला नको.

किती क्विंटलची पदवी?

हिशेब साधा आहे. पोरगा जिल्ह्याच्या किंवा विद्यापीठाच्या गावी खोली करून राहतो. खोलीभाडे, खानावळ, एस.टी., वह्या-पुस्तके, परीक्षेचे अर्ज, मोबाईलचा खर्च असे धरून महिन्याला ६,००० रुपये माना. फी वेगळी. वर्षाचे ७२,००० झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. त्या भावाने ७२,००० म्हणजे जवळजवळ नऊ क्विंटल कापूस. मालदांडी ज्वारीचा हमीभाव ३,७४९ होता. त्या भावाने एकोणीस क्विंटलहून जास्त ज्वारी. आणि हा भाव हाती पडला तर! खेडा खरेदीत व्यापाऱ्याने काय दिले, ते तुम्ही जाणता.

कोरडवाहू कापूस एकरी चार-पाच क्विंटल धरला तर पोराच्या एका वर्षासाठी दोन एकराचा सगळा माल गेला. पण सगळा माल आपला नसतो. खर्च वजा जाता निम्मे उरते असे उदार मनाने मानले तरी चार एकराची उरलेली कमाई एका पोराच्या खानावळीला गेली. चार वर्षांच्या पदवीला पस्तीस-छत्तीस क्विंटल कापूस लागला. एवढा माल आपण एका जागी पेरतो, आणि पेरताना जमीन बघत नाही, हंगाम बघत नाही, बाजार बघत नाही. शेजारच्याने घातले म्हणून आपणही घातले!

वावर किती उरले?

कोणी म्हणेल, शिक्षण परवडत नसेल तर शेतीच करू द्यावी. हेही सरळ नाही. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकर. त्या सव्वातीन एकराला दोन वारस असले तर हिशेब करायला कागद लागत नाही. घरातला एकजण तरी शेतीबाहेर पडणार, हे ठरलेले आहे. त्यात लाजेचे काही नाही आणि शेतीशी बेइमानीही नाही. तो हातात काय घेऊन बाहेर पडतो, एवढाच प्रश्न आहे. हात हलवत गेला तर शहरात रखवालदार होतो. हुन्नर घेऊन गेला तर घराला उभे करतो.

आपल्या विदर्भात याचे मोठे उदाहरण आहे. पापळ गावच्या शेतकरी घरातला एक मुलगा विलायतेला गेला, वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला, बॅरिस्टर होऊन अमरावतीला परतला. १९३२ साली त्याने शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी शाळा-वसतिगृहे काढली. १९५२ ते १९६२ या काळात तो देशाचा कृषिमंत्री होता. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे विद्यापीठ आज अकोल्यात आहे. वेदांचा अभ्यास आणि कापसाची शेती यांचा काय संबंध, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर उत्तर देता आले नसते. पण शिकलेल्या माणसाने गावाकडे पाठ फिरवली नाही, म्हणून हजारो घरांना त्याचा उपयोग झाला.

बारावीनंतरची दारे

आता कामाचे बोलू. आम्ही स्वतः कृषी पदवीधर आहोत, तेव्हा त्याच बाजूने सुरुवात करतो.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. त्यांच्या पदवीला बारावी विज्ञान आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा लागते. बहुतेक घरांत 'बी.एस्सी. ॲग्री' एवढेच नाव माहीत असते. पण याच दारातून उद्यानविद्या, वनविद्या, कृषी अभियांत्रिकी, अन्न तंत्रज्ञान, कृषी जैवतंत्रज्ञान, कृषी व्यवसाय व्यवस्थापन अशा वेगळ्या वाटा फुटतात. परभणीला अन्न तंत्रज्ञानाचे जुने महाविद्यालय आहे. ज्वारीच्या पट्ट्यातल्या किती घरांनी त्याची चौकशी केली आहे? नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ २००० साली झाले. त्याची दुग्ध तंत्रज्ञानाची महाविद्यालये पुसदजवळ वरूडला आणि उदगीरला आहेत, म्हणजे आपल्याच कोरडवाहू मुलखात. पशुवैद्यकीय पदवीला मात्र डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा लागते. ज्या पोराला एम.बी.बी.एस.ला गुण कमी पडले, तो घरी तोंड लपवून बसतो. त्याच गुणांवर जनावरांच्या डॉक्टरकीचा अर्ज भरता येतो, हे त्याला वेळेवर सांगणारे कोणी नसते.

ज्यांना दहावीनंतर लवकर हाताला काम हवे, त्यांच्यासाठी कृषी पदविका आहे. तिला कमी लेखू नका. कृषी सेवकाच्या भरतीत पदविकाधारकही चालतो.

कॉलेज निवडताना इमारतीचा रंग बघू नका. चार गोष्टी विचारा. महाविद्यालय यांपैकी कुठल्या विद्यापीठाला संलग्न आहे? त्याची स्वतःची शेती किती आणि तिच्यात खरोखर पीक उभे आहे का? शिकवणारे कायमचे की तासिकेवरचे? मागच्या दोन वर्षांत पदवी घेऊन गेलेली मुले आज काय करतात? चौथा प्रश्न ऑफिसात विचारू नका, त्या मुलांनाच गाठून विचारा. आणि एजंटच्या हातात पैसा देऊ नका. प्रवेशाच्या अधिकृत फेरीत ज्याला जागा मिळते, त्याला एजंट लागत नाही.

आपल्याच मालाच्या मागच्या नोकऱ्या

कापूस आपण पिकवतो आणि फाटकापाशी उभे राहतो. फाटकाच्या आत कोण आहे, ते कधी नीट बघितले आहे काय?

कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर एक तरुण हातात ओलावा मोजायचे यंत्र घेऊन उभा असतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून जास्त असला तर गाडी परत. धाग्याची लांबी, कवडी, पिवळा बोंड, सगळे तोच ठरवतो. या महामंडळाच्या कनिष्ठ वाणिज्य अधिकाऱ्यांच्या भरतीला बी.एस्सी. कृषी ही पदवी लागते. म्हणजे ती नोकरी आपल्या पोरांसाठीच आहे. आपण त्याच्याशी दरवर्षी भांडतो, पण त्या खुर्चीचा अर्ज कुठे निघतो हे बघत नाही.

जिनिंगमध्ये फिटर लागतो, प्रेसवाला लागतो, प्रत तपासणारा लागतो. मुंबईच्या माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था १९२४ पासून आहे आणि तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपूरला आहे. नागपूरलाच १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथे संशोधन प्रकल्पांवर पदवीधर, पदव्युत्तर मुले ठरावीक मुदतीसाठी घेतली जातात. पगार मोठा नसतो, पण दोन वर्षे तिथे राबलेल्या मुलाला पुढची दारे उघडतात.

बियाण्यांचा धंदा तर आपल्या अंगणात आहे. महाबीजचे मुख्य कार्यालय अकोल्याला. जालना गाव बियाण्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाते. तिथे १९६४ साली खासगी बीज कंपनी काढणारे बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर नर-मादी ओळी सांभाळणारा, भेसळीची झाडे ओळखून उपटणारा, उगवण तपासणारा माणूस या धंद्याला सतत लागतो. ज्या पोराने लहानपणापासून पऱ्हाटीत दिवस काढले, त्याला शुद्ध झाड आणि भेसळ झाड एका नजरेत कळते. हे पुस्तकात शिकवता येत नाही. आपल्या मुलाखतीत आपली पोरे नेमके हेच सांगायचे विसरतात आणि पाठ केलेले इंग्रजी बोलू पाहतात.

बँकांत कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची जागा असते. तिची परीक्षा देशभर एकत्र होते आणि तिला कृषी किंवा संलग्न पदवी लागते. नाबार्डच्या अधिकाऱ्यांची परीक्षा वेगळी. पीक कर्जाची फाईल ज्याच्या टेबलावर जाते, त्याला निंदणाचा खर्च माहीत असावा असे वाटत असेल, तर त्या टेबलावर निंदण केलेल्या घरातला माणूस बसला पाहिजे.

पदवीनंतरचे शिक्षण

हुशार मुलगा पदवीनंतर काय करतो? बहुतेक वेळा पुण्याला जातो आणि क्लास लावतो. त्याच्या पुढ्यात दुसरी वाट असते, ती त्याला दिसत नाही.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी देशपातळीवरची परीक्षा होते. त्यातून दुसऱ्या राज्यांतल्या कृषी विद्यापीठांत आणि परिषदेच्या संस्थांत जागा मिळतात. वरच्या क्रमांकांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते आणि आपले राज्य सोडून शिकायला जाणाऱ्यांसाठी वेगळी प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या: एम.एस्सी. करताना बापाने दरमहा पैसे पाठवायचे की मुलाला दरमहा पैसे मिळायचे, हे एका परीक्षेवर ठरते. तिची तयारी पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून करावी लागते. चौथ्या वर्षाच्या शेवटी जागे होऊन भागत नाही.

हैदराबादेजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ पासून आहे. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग ही तिची पिके, म्हणजे आपल्याच वावरातली. परभणी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण २०१८ साली दिला, तो इक्रिसॅटच्या साहाय्यानेच. विद्यापीठांतल्या मुलांना प्रबंधाचे काम अशा संस्थेत करता येते. त्यासाठी आपल्या प्राध्यापकाच्या मागे लागावे लागते. हैदराबादेतच ज्वारी-भरडधान्यांची केंद्रीय संस्था आहे आणि रब्बी ज्वारीसाठी तिचे केंद्र सोलापूरला आहे. व्यवस्थापनाकडे ओढा असेल त्याच्यासाठी हैदराबादचीच 'मॅनेज' ही संस्था कृषी व्यवसायाचा अभ्यासक्रम चालवते. आणंदची 'इर्मा' ग्रामीण व्यवस्थापन शिकवते.

परदेश म्हटले की आपल्याला वाटते, ते बागायतदारांच्या पोरांचे काम. पण अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते आणि सर्वांत जास्त कापूस टेक्सासमध्ये. तिथली सरकारी कृषी विद्यापीठे ज्वारीवर, कापसावर, कमी पावसाच्या शेतीवर संशोधन करतात. विज्ञान शाखेत संशोधनासाठी निवडलेल्या विद्यार्थ्याला तिथे सहायकाचे काम देतात. त्यात बहुधा फी माफ होते आणि जगण्यापुरते मानधन मिळते. मात्र स्वतःच्या पैशाने करायचे शिक्षण वेगळे आणि संशोधन सहायक म्हणून बोलावले जाणे वेगळे. कर्ज काढून कुठल्याही परदेशी कॉलेजात घालणारे सल्लागार गावोगाव फिरू लागले आहेत. त्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: फी कोण देणार, तुम्ही की विद्यापीठ?

स्पर्धा परीक्षेची फरदड

आता थोडे कडू बोलतो.

राज्यसेवा, कृषी सेवा, तलाठी, पोलीस, या परीक्षा द्याव्यात. तालुका कृषी अधिकारी शेतकऱ्याच्या घरातला असावा असे आम्हालाही वाटते. पण या परीक्षेत जागा थोड्या आणि उमेदवार अफाट. जाहिरात कधी निघेल, परीक्षा कधी होईल, निकाल कोर्टात किती दिवस अडेल, यांतले काहीच पोराच्या हातात नाही. पावसावरच्या शेतीला कंटाळून पोरगा गेला आणि त्याहून बेभरवशाच्या पावसाची वाट बघत बसला!

फरदड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. डिसेंबरात पऱ्हाटी उपटायची, तर आपण म्हणतो, अजून एक वेचणी निघेल. एका पाण्याची सोय होते, आणखी दोन-चार बोंडे दिसतात, पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी राहते. दोन पायल्या कापूस मिळतो आणि गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते. २०१७ साली त्या अळीने विदर्भात काय केले, ते आपण भोगले आहे. आठ-आठ वर्षे चालणारी परीक्षेची तयारी ही तशीच फरदड आहे. 'या वेळी दोन गुणांनी हुकले' हे तिचे शेवटचे बोंड. ते दिसते म्हणून पोरगा थांबतो, बाप पैसे पाठवतो, आणि मधल्या काळात त्याची पदवी शिळी होते, वय निघून जाते, घरचे वावर दुसऱ्याच्या वाहितीला जाते, लग्न लांबते. पोरगा परतायलाही लाजतो.

यावर आम्ही एकच सुचवतो. पोरगा जाण्याआधी घरात बसून मुदत ठरवा. दोन वर्षे म्हणा, तीन म्हणा, पण आकडा ठरवा. तो सर्वांच्या समोर ठरवा, आईच्याही समोर, कारण चोरून पैसे पाठवणारी तीच असते. दुसरे, त्या मुदतीत एक जोडवाट चालू ठेवा. बँकेची परीक्षा, अनुसंधान परिषदेची परीक्षा किंवा अर्धवेळ काम. तुरीच्या ओळी आपण कापसात कशासाठी लावतो? कापूस गेला तर घरात डाळ तरी यावी म्हणून. आणि मुदत संपली की पऱ्हाटी उपटायची. पोराला नापास म्हणायचे नाही, टोमणा मारायचा नाही. परत येणाऱ्याला घराचे दार उघडे दिसले नाही, तर तो चुकीच्या दाराकडे जातो. आपल्या भागात याहून जास्त उघड करून सांगायची गरज नाही.

पैसा कुठून?

शिक्षणासाठी सावकाराकडे जाऊ नका आणि सात-बारा घेऊन बँकेत जाऊ नका. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागायचे नसते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकारच्या हमी निधीची सोय २०१५ पासून आहे, तेव्हा त्यालाही जमीन गहाण पडायला नको. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते, हे लक्षात ठेवा. एका शाखेत आमच्या डोळ्यांदेखत साहेबाने दोन लाखांच्या शैक्षणिक कर्जाला वावराचे कागद मागितले. आम्ही म्हटले, 'नकार लेखी द्या.' कागद मागायचे थांबले. हे वाक्य पाठ करून ठेवा.

फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम, इतर मागास वर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना त्यातून राहण्या-जेवणाचा पैसा मिळतो. अर्ज बहुतेक महाडीबीटीवर. योजना नसल्याने जेवढी मुले अडत नाहीत, तेवढी कागद नसल्याने अडतात. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, आणि सर्वांत वेळखाऊ म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. बारावीचा निकाल लागल्यावर तहसीलच्या रांगेत उभे राहणे म्हणजे पाऊस पडल्यावर नांगर शोधणे. हे कागद अकरावीत जमवा.

मुलींसाठी एक गोष्ट ठळक सांगतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना अधिकृत प्रवेश फेरीतून जाणाऱ्या, आर्थिक मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. कृषीचे अभ्यासक्रम त्यात आहेत. व्यवस्थापनाच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत मिळत नाही. म्हणजे ज्या घरात 'एकाचेच शिक्षण परवडते, पोराला पाठवू' असे म्हणत होते, त्या घराचा हिशेब उलटला आहे. कापसाचे निंदण आणि वेचणी बायांच्या हातची. त्या हातांतला एक हात प्रयोगशाळेत गेला तर कापसाचेच भले आहे.

गावात परतणारा

सगळेच बाहेर जाणार नाहीत आणि जाऊही नयेत. परतणाऱ्यालाही कामे आहेत.

कीटकनाशकाच्या दुकानाच्या नव्या परवान्याला आता कृषी किंवा विज्ञानाची ठरावीक पदवी, नाहीतर पदविका लागते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. दुकानदाराने कुठले औषध कशात मिसळू नये हे नीट सांगितले असते, तर काही घरे तरी वाचली असती. तेव्हा कृषी केंद्र हा नुसता धंदा नाही, ते जबाबदारीचे काम आहे. पदवीधर पोरांना आमचे सांगणे आहे की, आपली पदवी दुसऱ्याच्या दुकानाच्या भिंतीवर टांगायला भाड्याने देऊ नका. दुकान टाकायचे तर स्वतः गल्ल्यावर बसा. २००२ साली कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्राची योजना सुरू झाली. पंचेचाळीस दिवसांचे मोफत निवासी प्रशिक्षण आणि कर्जाला जोडून अनुदान, असे तिचे स्वरूप. चालू नियम नाबार्डच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या.

शेतकरी उत्पादक कंपन्या आता तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांतल्या कित्येक फक्त फलकावर आहेत, कारण चालवणारा माणूस नाही. तिथे कृषी पदवीधर लागतो, तसाच वाणिज्य शाखेचा हिशेबनीस लागतो आणि कायदा शिकलेला मुलगाही लागतो. आपली निम्म्याहून जास्त पोरे कला आणि वाणिज्य शाखेत आहेत. त्यांना 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देऊ नका. करार वाचणारा, वजनकाट्याची तक्रार लिहिणारा, जी.एस.टी.चा कागद भरणारा माणूस गावात असणे ही साधी गोष्ट नाही.

कृषिदूतांना कामाला लावा

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मुला-मुलींना गावात राहून अनुभव घ्यावा लागतो. कृषिदूत, कृषिकन्या म्हणून ते तुमच्या गावात येतात. माती परीक्षणाचे, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करतात, फोटो काढतात, वर्तमानपत्रात बातमी येते आणि ते जातात. आपण चहा पाजतो आणि विसरतो. यात दोघांचेही नुकसान आहे. पुढच्या वेळी त्यांना काम सांगा. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग आले की गावाला सांगा, फवारणीची वेळ झाली. हंगामभर अशी वही ठेवलेल्या मुलाला मुलाखतीत सांगायला काहीतरी असेल, आणि तुमची एखादी वायफळ फवारणी वाचेल. आणि गावातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना त्यांच्या शेजारी बसवा. कुठली परीक्षा, कुठला कागद, कुठले कॉलेज, हे त्यांच्याइतके ताजे दुसऱ्या कोणाला माहीत नसते.

बैठकीपुढे ठेवलेली कामे

लांबण लावत नाही. या बैठकीने चार कामे अंगावर घ्यावीत असे आम्ही सुचवतो.

एक, प्रत्येक तालुक्यात दोन पदवीधर नेमावेत. त्यांनी बारावीच्या निकालानंतरचा पहिला महिना दर बाजाराच्या दिवशी बाजार समितीच्या आवारात बसून मुला-पालकांना अर्ज भरायला मदत करावी.

दोन, दर दिवाळीत, पोरे गावी आलेली असताना, अकरावीच्या मुलांचे दाखले पूर्ण आहेत की नाहीत याची गावनिहाय यादी करावी.

तीन, शैक्षणिक कर्जाला जमिनीचे कागद मागणाऱ्या शाखांची नोंद ठेवावी. अर्जदाराबरोबर आपला एक माणूस जावा.

चार, परीक्षेची मुदत संपवून परतलेल्या मुलांची गावच्या बैठकीत विचारपूस व्हावी. त्यांना उत्पादक कंपनीत, दुकानात, सापळ्यांच्या नोंदीत, कुठेतरी पहिले काम द्यावे. काम लहान असले तरी चालेल, पण ते लगेच असावे.

भावाची लढाई चालूच राहील. पण भाव मिळाला आणि तो पैसा डोळे मिटून पेरला, तर हाती काय येणार? उद्या घरी गेल्यावर पीक खर्चाच्या वहीत एक पान नवे उघडा. वर पोराचे किंवा पोरीचे नाव लिहा, खाली आजवर लागलेला खर्च क्विंटलमध्ये लिहा, आणि ज्याचे नाव आहे त्याच्या शेजारी बसून पुढचा हिशेब दोघांनी मिळून करा. पुढच्या बैठकीला येताना ती वही बरोबर आणा.